पहाटेचा पाव

आमच्या घरात एक गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जायची. आजोबांची वेगळी, आजीची वेगळी. दोघंही खोटं बोलणारी माणसं नव्हती, त्यामुळे लहानपणी मी गोंधळून जायची. मोठेपणी शुभवर्तमानं ओळीनं वाचली तेव्हा लक्षात आलं, की रिकाम्या कबरेपाशी मत्तय एक देवदूत सांगतो, मार्क पांढऱ्या झग्यातला तरुण सांगतो, लूक दोन पुरुष सांगतो आणि योहान दोन देवदूत. मंडळीनं हे चारही वृत्तांत जसेच्या तसे जपले, एकाला कापून दुसऱ्याच्या मापाचं केलं नाही. तेव्हापासून मीही आजी-आजोबांच्या गोष्टींचा मेळ घालायचं सोडून दिलं.

गोष्ट आजोबांच्या सुरतेतल्या पहिल्या ईस्टरची. तारीख १४ एप्रिल १९६८.

आजोबा नंदुरबारजवळच्या खेड्यातले. तेव्हा तो धुळे जिल्हा, नंदुरबार वेगळा झाला १९९८ साली. पश्चिम खानदेशात स्वीडिश मिशनरी येऊन राहिले, त्या काळात आमच्या घरात ख्रिस्ताचं नाव आलं. शेत कोरडवाहू, भाऊ चार. तापीच्या काठाकाठानं जाणारी रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाकली गेली, ती कापूस सुरतेला न्यायला. पुढे त्याच गाडीनं कापसाऐवजी माणसं नेली. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकिटाची खिडकी इकडे, स्टेशनमास्तर तिकडे. आजोबा म्हणायचे, तिथून पुढे गाडीतले लोक गप्प होतात. व्यारा गेलं, बारडोली गेलं, की उधना. उतरायचं, ओळखीच्या माणसाची खोली शोधायची, दुसऱ्या दिवशी लूमवर.

लूमच्या शेडला सुरतेत खातं म्हणतात. पाळी बारा तासांची, सात ते सात. धोटा इकडून तिकडे आपटत राहतो, आणि एका छपराखाली असे कितीतरी संच एकदम चालतात. तिथं बोलणं नसतंच. हातानं खूण करायची किंवा ओठ वाचायचे. बीम संपला की एक खूण, धागा तुटला की दुसरी, मुकादम आला की तिसरी. पाळी सुटल्यावरही तास-दोन तास कानात तोच आवाज घुमत राहतो. आजोबांना त्या नोकरीत सहा महिने झाले होते. होळी गावाकडेच राहिली होती. ईस्टर मात्र चुकवायचा नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

तारीख त्यांना कुणी सांगितली नव्हती. आमच्याकडे ती चंद्रावरून काढायची जुनी रीत आहे. २१ मार्च धरून पुढची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. आजी अजून सोपं करून सांगायची : चैत्राची पुनव बघा, मग रविवार बघा. कधीकधी ती पुनव फाल्गुनाचीच निघते आणि ईस्टर होळीला चिकटून येतो, पण बहुतेक वर्षी हनुमान जयंतीच्या पुढेमागेच आमचा उत्तम शुक्रवार पडतो. त्या साली पुनव नुकतीच होऊन गेली होती.

शनिवारची रात्रपाळी. आजोबांनी मुकादमाला सांगून पहाटे चारला संच दुसऱ्याच्या हाती दिला. मजुरी मीटरवर, जितकं विणलं तितकी. त्यामुळे तीन तासांचा पैसा गेला, याचा हिशेब ते दर वेळी सांगायचे, अगदी म्हातारपणीसुद्धा. मग उधन्याहून चालत निघाले. गावाकडच्या पाळकसाहेबांनी एवढंच सांगून ठेवलं होतं, की सुरतेत मिशनची जुनी शाळा आहे, तिथं विचार. उधना दरवाजापर्यंत रस्ता माहीत होता. पुढचं शहर माहीत नव्हतं.

तिथं कुठेतरी त्यांना तो माणूस भेटला.

आजोबांच्या सांगण्यात तो माणूस व्याऱ्याकडचा गामीत आदिवासी. पांढरा सदरा, खांद्यावर पिशवी. तोही पहाटेच्या उपासनेलाच निघाला होता. दोघं बोलत चालले, म्हणजे तो बोलत होता आणि आजोबा मान हलवत होते. नानपुऱ्यात तापीकाठी डक्का ओवारा आहे. त्याच्या पायऱ्यांवर दोघं बसले. त्या माणसानं पाणी आणून आजोबांच्या पायांवर घातलं, पिशवीतून पाव काढला, तोडला, अर्धा पुढे केला. पश्चिमेला चंद्र अजून होता. मग त्यानं देवळाची वाट दाखवली आणि गर्दीत आजोबांना तो पुन्हा दिसलाच नाही.

आजीच्या सांगण्यात तो बेकरीचा माणूस. सायकलच्या मागे पत्र्याची पेटी, पेटीत गरम पाव. ख्रिस्ती होता की पारशी की मुसलमान, कोण जाणे. पहाटे एक अनोळखी पोरगा भांबावून उभा दिसला, पायांना धूळ, डोळे तारवटलेले. त्यानं पाव दिला आणि वाट दाखवली. आजी १९७० साली लग्न होऊन सुरतेला आली. तिचं म्हणणं असं, की आपण ही गोष्ट ताजी असताना ऐकली आहे आणि तेव्हा तीत पेटी होती. नंतर नंतर ह्यांनी पेटीची पिशवी केली.

आजोबांचा पुरावा एकच. पाय. गामीत नसता तर त्यानं पाय कशाला धुतले असते? आणि या प्रश्नावर ते मोठी गोष्ट लावायचे.

१८९४ साली अमेरिकेतल्या चर्च ऑफ द ब्रेद्रेनचे विल्बर स्टोव्हर आणि त्यांच्यासोबतची माणसं भारतात आली आणि वलसाडला स्थिरावली. तिथून ते काम व्यारा, अंकलेश्वर, डांगात आहवा, इकडे डहाणू असं पसरलं. या मंडळींची रीत अशी, की प्रभुभोजनाच्या आधी प्रीतिभोजन, आणि प्रीतिभोजनाच्या आधी एकमेकांचे पाय धुवायचे. येशूनं शेवटच्या रात्री शिष्यांचे धुतले तसे. जमीनदाराच्या शेतात राबणाऱ्या चौधरी-गामीतांनी जेव्हा पहिल्यांदा पाहिलं, की गोरा साहेब वाकून आपले पाय धुतोय, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, असं आजोबा विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचेच डोळे पुसायचे. बाप्तिस्माही त्यांचा नदीत, तीनदा बुडवून. सुरतेतल्या आयरिश प्रेस्बिटेरियन मंडळीचा मात्र तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी शिंपडून. त्या पहाटे, आजोबांच्या मते, दोन्ही वाटा उधना दरवाजापाशी एकमेकींना भेटल्या. आणि दोन वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपुरात सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी झाली, म्हणजे आपली सीएनआय. तीत अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन ज्यात होते ती संयुक्त मंडळी होती आणि ब्रेद्रेनही होते. शिंपडलेला बाप्तिस्मा चालेल, बुडवलेलाही चालेल, असं ठरलं. आजोबा हे असं सांगायचे, की जणू नागपुरात जे झालं त्याची सुरुवात डक्का ओवाऱ्यावर अर्ध्या पावानं झाली होती.

आजीचं उत्तर दोन वाक्यांचं. चैत्रात कुणीही कुणाच्याही पायावर पाणी घालतं. आणि पाव गरम होता, हे तुम्हीच सांगितलं होतं.

गरम पावाचा मुद्दा सुरतेत हलका धरता येत नाही. या शहरात पावाला फार जुना इतिहास आहे. नानपुऱ्यातल्या दोतीवाला बेकरीबद्दल सांगतात, की डच लोक सुरतेहून निघाले तेव्हा त्यांनी आपली भट्टी तिथं काम करणाऱ्या पारशी माणसाच्या हवाली केली. पाव ताडीनं फुगवलेला. गावातले लोक खाईनात, पाव वाळून कडक व्हायचा, आणि त्या वाळलेल्या पावातूनच सुरती बटर निघालं, मागोमाग नानखटाई. इथंच वारलेले डच शहरातल्या कब्रस्तानात आहेत. केरळातल्या झाडापाल्यावर ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ उभा करणारा व्हान रीडही तिथंच. १६९१ साली सुरतेला येताना जहाजावर वारला आणि इथं पुरला गेला. कतारगामकडे इंग्रजांच्या कबरी आहेत, ऑक्सेंडन भावांच्या घुमटासकट. बाबा आम्हाला एका ईस्टरच्या सोमवारी तिथं घेऊन गेले होते. एवढं मोठं थडगं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी विचारलं, यांच्यासाठी कोण येतं? बाबा म्हणाले, आपण आलो ना.

पावाची आणखी एक गोष्ट मला नंतर वाचताना सापडली, आणि ती आजोबांना सांगायला मिळाली याचं मला समाधान आहे. आपले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेत शिक्षक होते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी इथं मानवधर्मसभा काढली, जातिभेदाविरुद्ध आणि भुताखेतांच्या खुळाविरुद्ध बोलायला. पुढे मुंबईत १८४९ साली परमहंस सभा निघाली, ती त्यांच्याच विचारांतून. त्या सभेत यायचं तर ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खावा लागे. तो गुपचूप घेतलेला एक घास, पण त्यात जात मोडायची. दादोबा ख्रिस्ती झाले नाहीत. पण माणसानं माणसाच्या हातचा पाव घेतला की काय होतं, हे त्यांनी ओळखलं होतं. मी हे सांगितल्यावर आजोबा बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिले. तोवर त्यांचे कान गेलेच होते. मग म्हणाले, परत सांग.

त्यांची स्वतःची आवडती गोष्ट शिवाजी महाराजांची. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले, ते सगळ्यांना माहीत असतं. पण फ्रेंच प्रवासी बर्निये लिहून ठेवतो, की त्या धामधुमीत महाराजांनी कापुचिन पाद्री फादर अँब्रोज यांच्या मठाला धक्का लावू दिला नाही, हे पाद्री भले लोक आहेत म्हणून. आणि दान-धर्म करणाऱ्या एका हिंदू दलालाचं घरही तसंच सोडलं. खात्यात कुणी आजोबांना म्हणालं, तू मराठी आणि वर ख्रिस्ती, हे कसं? तर ते हातवाऱ्यांनी ही सगळी गोष्ट सांगायचे. घोडा, तलवार, क्रूस, आणि मग हात आडवा : इथं नाही. यंत्रांच्या आवाजात ती गोष्ट हातांनीच सांगावी लागे. मला वाटतं, तिचं ते सर्वांत चांगलं सांगणं असणार.

त्या पहिल्या ईस्टरला देवळात उपासना गुजरातीत होती. गुजरातीत बायबल पहिल्यानं छापणाऱ्या जागांत सुरत आहे. लंडन मिशनच्या स्किनर आणि फायवी यांनी १८२०च्या दशकात ते इथल्या छापखान्यातून काढलं. मागून आयरिश मिशननं छापखाना आणि शाळा चालवली. आजोबांना शब्द निम्मे कळले. चाल मात्र सगळी कळली, कारण त्यांतल्या काही चाली ‘उपासना संगीता’तल्या मराठी गीतांच्याच होत्या. गुजराती मंडळी गुजरातीत गात होती आणि शेवटच्या बाकावर एक पोरगा त्याच सुरात मराठी म्हणत होता. बाहेर पडताना एका म्हाताऱ्या बाईंनी हात धरून म्हटलं, प्रभु ऊठ्या छे. आजोबा म्हणाले, खरोखर उठला आहे. भाषांतराची गरज लागली नाही.

त्याच वर्षी ऑगस्टात तापीला महापूर आला. उकाईचं धरण तेव्हा पुरं व्हायचं होतं. ज्या पायऱ्यांवर पाव खाल्ला, त्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या.

पुढे उधन्यात खानदेशातली माणसं वाढत गेली आणि आमची मराठी मंडळी जमली. आधी एका खोलीत, मग भाड्याच्या हॉलमध्ये. बाबा तिथं मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, म्हणून निवडले गेले. पगाराची नोकरी दिवसा, मंडळीचं काम उरलेल्या वेळात. आणि सुरतेत उरलेला वेळ म्हणजे पाळी बदलायची वेळ. संध्याकाळी सातला दिवसपाळीवाले सुटत, रात्रीचे जात. एका खोलीत दहा-बारा पोरं, खाटा तेवढ्याच की त्याहून कमी, कारण निम्मे कामावर असले की निम्मे झोपणार. बाबा सायकलवरून अशा खोल्यांत जात. अर्धा तास प्रार्थना, मग खरं काम : कुणाची मनीऑर्डर, कुणाचं पत्र, कुणाचं बोट यंत्रात गेलं तर इस्पितळ. रविवारी सगळ्यांना सुट्टी मिळेच असं नाही. म्हणून बाबा म्हणायचे, ज्यांना रविवार नाही त्यांच्याकडे रविवारच चालत गेला पाहिजे.

उत्तम शुक्रवारी बारा ते तीन, क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना. रात्रपाळी करून आलेली पोरं तिसऱ्या उद्गारापर्यंत भिंतीला टेकून झोपलेली असत. एकदा एका काकांनी उठवायला हात पुढे केला, तर पाळकसाहेबांनी प्रवचन थांबवून मान हलवली. झोपू द्या, म्हणाले. बागेत शिष्यही झोपले होते, प्रभूनं त्यांना टाकलं नाही. मग आवाज थोडा खाली आणून पुढे बोलू लागले. त्या दुपारचा उरलेला संदेश मला आठवत नाही, तो खाली आलेला आवाज आठवतो.

ईस्टरला पहाटे पाचला कब्रस्तानात. बायका आदल्या दिवशीच कबरी झाडून येत, पहाटे मोगरा आणि मेणबत्त्या. सातच्या पाळीवाल्यांना वेळेत पोचता यावं म्हणून संदेश छोटा. दर वर्षी आजोबा शास्त्रपाठ वाचायचे, आणि दर वर्षी एकच : अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे. गुरू गेला म्हणून खचून गावाबाहेर चालले आहेत, वाटेत एक अनोळखी सोबतीला येतो, बोलतो, आणि यांना तो कोण हे कळत नाही. सांज होते, ते त्याला थांबवून घेतात, तो भाकर मोडतो आणि त्या क्षणी डोळे उघडतात. आजोबा ते न बघता म्हणायचे. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं फार मोठ्यानं. कब्रस्तानाबाहेरचे चहावालेसुद्धा ऐकत.

मग सकाळी लोचो आणि चहा, दुपारी प्रीतिभोजन. आमच्याकडे वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी. बट्ट्या भाजायच्या गोवऱ्यांवर, त्यामुळे हॉलच्या मागच्या अंगणात पहाटेपासून धूर. गुजराती मंडळीतून पाहुणे यायचे, शेजारचे हिंदू-मुसलमान यायचे, आणि आजी दारात उभी राहून प्रत्येकाला एकच म्हणायची, ये भो, बठ, जेवी ले. तुमची मंडळी कुठली, हे ती जेवण झाल्यावर विचारायची. कधीकधी विचारायचीच नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीनं शहर रिकामं झालं आणि आमचीही बरीच माणसं गाडीला लटकून गावी गेली. पुढच्या ईस्टरला सगळे परततील का, ही आजीला धास्ती होती. तिनं बट्ट्या नेहमीएवढ्याच घातल्या. उरल्या नाहीत.

आजोबा २००३ साली गेले. त्यांचं ‘उपासना संगीत’ मामाकडे अडाजणला होतं. २००६च्या ऑगस्टात तापी घरात शिरली तेव्हा ते भिजलं. वाळवून ठेवलं आहे. प्रत्येक पानावर एकाच उंचीला पिवळी रेघ आहे, आणि गीत त्या रेघेच्या वर अर्धं, खाली अर्धं.

२०२० चा ईस्टर १२ एप्रिलला होता. चैत्राची पुनव आठ तारखेला झाली होती. आजी गॅलरीत बसून मोजत होती. टाळेबंदी होती. देवळं बंद, कब्रस्तान बंद, खाती बंद. दहा तारखेला, उत्तम शुक्रवारी रात्री, सुरतेतल्या लसकाणाला मजूर रस्त्यावर आले, आम्हाला घरी जाऊ द्या म्हणत. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर ओडिशातली सहा पोरं अडकली होती. संच थांबलेले, पगार थांबलेला. इतकी शांतता त्यांनाही सोसत नसावी, कारण ती रात्रभर मोठमोठ्यानं बोलायची.

ईस्टरला पहाटे पाचला आम्ही घरातच जमलो. बाबांनी अम्माऊसचा पाठ वाचला. हळू वाचला, आणि मला तो आजोबांच्या आवाजातच ऐकू आला. बेकरी बंद, म्हणून प्रभुभोजनाऐवजी आईनं कणकेची भाकर तव्यावर भाजली आणि बाबांनी ती नुसती मोडून आम्हाला वाटली. दुपारी बट्ट्या कुकरमध्ये. आजीनं आधी मोजून अठरा बाजूला काढल्या आणि मला म्हणाली, चल, मला खाली ने. तेव्हा तिचं वय सत्तरीच्या पुढचं, गुडघे गेलेले. जिना उतरायला दहा मिनिटं लागली.

दार एका पोरानं उघडलं. वीस-बावीसचा असेल. आजीनं पातेलं त्याच्या हातात दिलं आणि विचारलं, नाव काय? त्यानं सांगितलं. आजी म्हणाली, मोठ्यानं सांग. त्यानं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं ते स्वतः म्हणून पाहिलं आणि बरोबर आहे का विचारलं. त्यानं मान हलवली. मग तिनं आतल्या पाचही जणांना दारात बोलावून एकेकाचं नाव तसंच विचारलं, तसंच म्हणून पाहिलं. बट्ट्या गार होत होत्या. मला थोडं अवघडल्यासारखं झालं.

वर येताना दुसऱ्या वळणावर ती दम घ्यायला थांबली. मी म्हटलं, आजी, एवढं काय नावाचं?

ती म्हणाली, त्या पहाटे त्या माणसानं ह्यांना नाव सांगितलं होतं गं. दोनदा सांगितलं होतं. रात्रपाळी करून आलेले, कानात खातं चालू. ह्यांना ऐकूच आलं नाही.